खुंटीवरचे कान

"नंबर प्लीज," मी म्हटलं.

"अहो बाई, जरा मोठ्यानं. देवाच्या कानात सांगताय का?"

चौदा नंबर बोलत होता. श्रीरंग वाळिंबे. पुण्यात काही वर्षं काढून, सिमेंटची एजन्सी घेऊन गावी परतलेला माणूस. माझा आवाज जन्मापासूनच बारीक. निमगावातले बाकीचे लोक त्याला सरावले होते, हे एकटेच रोज टोमणा मारायचे.

"नंबर सांगा, साहेब."

"डॉक्टर जोगांना द्या. बायको जिन्यावरून पडलीय."

मी डॉक्टरांच्या नंबराला वायर खोचली, घंटी दिली. पलीकडून "हॅलो" आलं तशी मी माझ्याकडची खिटी वर केली. खिटी वर केली की ऑपरेटरला काही ऐकू येत नाही, आणि ऐकायचं नाही असा नियमच होता. पण खिटी वर जाता जाता डॉक्टरांचा एक शब्द निसटून माझ्या कानात आला.

"पुन्हा?"

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तरच्या श्रावणातली. पोस्टाच्या मागच्या खोलीत आमचं एक्स्चेंज होतं. लाकडी बोर्ड, त्यावर ओळीनं पितळी झाकण्या, प्रत्येकीखाली वायर खोचायचं भोक. गावात कुणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं की त्याच्या नंबराची झाकणी टपकन खाली पडायची. मग वायर खोचून आम्ही विचारायचं, कोण हवंय. दोघी होतो आम्ही, मी आणि लीला कदम. लीलाचा आवाज असा, की पोस्टमास्तर म्हणायचे, "हिला वायर कशाला दिलीय सरकारनं?"

माझे नेमधर्म गावाला ठाऊक होते. पहाटे तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, संध्याकाळी दिवा लावल्याखेरीज तोंडात घास नाही. एक नेम मात्र कुणाला ठाऊक नव्हता. बोर्डावर बसण्याआधी मी त्या झाकण्यांना हात लावून मनात म्हणायची, 'जे कानावर पडेल ते जिभेवर येणार नाही.' खात्यानं तशी शपथ कागदावर सही करून घेतलेलीच होती. पण ती खात्याची. ही माझी. नवऱ्यालासुद्धा मी बोर्डावरचं कधी अक्षर सांगितलं नव्हतं.

या नेमाचं मूळ मुंबईच्या ट्रेनिंगात होतं. तिथं फर्नांडिस सर आम्हाला शिकवायला होते. एके दिवशी त्यांनी भिंतीवरचा जुना फोन वर्गात आणला. त्याचा कानाला लावायचा भाग वेगळा, छोट्या कर्ण्यासारखा. बोलून झालं की तो बाजूच्या आकड्याला टांगायचा.

"गर्ल्स, हे बघा. हँग अप," सर म्हणाले. "कोट हँग अप करता ना, तसा फोनचा कान हँग अप करायचा. शब्द इथून आला."

मग त्यांना त्या शब्दाचा नादच लागला. खेळाडू बूट हँग अप करतो, म्हणजे खेळ सोडतो. गाडी घाटात अडकली, ना पुढं ना मागं, तर तीही हँग अप झाली. मनात एखादी गोष्ट रुतून बसली तर माणूसही हँग अप. मी वर्गात तोंड उघडत नसे, पण त्या दिवशी कशी कोण जाणे बोलून गेले, "सर, आमच्यात अक्कल खुंटीला टांगतात."

सगळ्या पोरी हसल्या. सरही हसले. "गुड. पण तुम्ही ऑपरेटर. अक्कल टांगू नका, कान टांगा. ड्यूटी संपली की हेडफोन खुंटीला, ऐकलेलं सगळं खुंटीला."

तेच मी व्रत म्हणून धरलं.

आणखी एक गोष्ट सरांनी बजावली होती. शहरातल्या नव्या एक्स्चेंजला माणसानं फोन टांगला की यंत्राला आपोआप कळतं. खेड्यात तसं नाही. तुम्ही फोन टांगलात हे मैलभर लांबच्या ऑपरेटरला दिसणार कसं? म्हणून ज्यानं फोन लावला त्यानं तो टांगल्यावर एकदा हँडल फिरवायचं. याचं नाव रिंग ऑफ. तशी झाकणी पडली की ऑपरेटर वायर काढणार. तोवर नाही. "हँग अप म्हणजे आपला कान टांगणं," सर म्हणाले, "आणि रिंग ऑफ म्हणजे पलीकडच्याला सांगणं, की संपलं. नुसता कान टांगून काही संपत नाही, गर्ल्स."

आज माझी नात मोबाइलच्या काचेवर बोट टेकवते आणि म्हणते, "आजी, मी हँग अप केलं." आकडा गेला, खुंटी गेली, शब्द तेवढा लोंबकळत राहिलाय.

तर निमगावात शेंबड्या पोरालाही रिंग ऑफ ठाऊक होतं. श्रीरंगरावांना मात्र सवय पुण्याची. बोलून झालं की फोन टांगायचे आणि चालू लागायचे. हँडल कधी फिरवायचे नाहीत. त्यांची वायर आपली बोर्डावर खोचलेली ती खोचलेलीच. मग बऱ्याच वेळानं खिटी खाली करून मलाच लाइनवर जाऊन विचारावं लागायचं.

त्या दिवशीही तसंच झालं. मी खिटी खाली केली.

"बोलताय का?"

उत्तर नाही. पण फोन टांगलेला नव्हता. कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. मी पुन्हा विचारलं आणि वायर काढायला हात घातला.

"ताई, काढू नका."

बाईचा आवाज. माझ्याहून बारीक.

"कोण बोलतंय?"

"मी रेवती. वाळिंब्यांची सून."

"लागलंय ना हो तुम्हाला? डॉक्टर येतायत का?"

"गोळ्या पाठवतायत." मग म्हणाली, "ताई, मी फोन उचलला की तुम्हाला कळतं का?"

"नाही. हँडल फिरवलं तर कळतं."

"हँडल नाहीये. यांचं बोलणं झालं की काढून घेतात. उलटं फिरवलं की निघून येतं ते. मग ते अक्कांकडं असतं, सासूबाईंकडं. कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्यात. आज मी नुसताच उचलून कानाला लावला. काहीच ऐकू येणार नाही असं वाटलं होतं. आणि तुम्ही म्हणालात, 'बोलताय का.'" ती हसली असावी, किंवा हसताना काहीतरी दुखलं असावं. "लग्न झाल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं."

मी जे तोंडात आलं ते बोलले. "जिना जपून उतरत जा हो."

"हो, ताई." आणि फोन टांगल्याचा आवाज.

त्यानंतर हे रोजचंच झालं. श्रीरंगराव फोन करायचे, सिमेंटच्या गोणी, ट्रक, कऱ्हाडचा व्यापारी. बोलून झालं की हँडल काढून आईच्या हवाली करायचे आणि घराबाहेर पडायचे. वायर इकडं खोचलेलीच. मग मी खिटी खाली करून विचारायची, आणि ती बोलायची. थोडंच. कधी नुसतं, "आज डाव्या हातानं वेणी घालता आली नाही." कधी, "आज आमटी खारट झाली." आमटी खारट झाल्याचं पुढचं ती सांगत नसे, मी विचारत नसे.

पोरगी शिकलेली होती. सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. मी तिला रिंग ऑफचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ज्याच्याकडं हँडल, त्यानंच संपलं म्हणायचं. माझ्याकडं हँडल नाही. माझं बोलणं संपायचंच नाही की, ताई."

"असं अभद्र बोलू नये."

"आणि हँग अपचा दुसरा अर्थ ठाऊक आहे ना? घाटातली गाडी. ती मी."

फर्नांडिस सरांची घाटातली गाडी हिच्यापर्यंत कशी पोहोचली, मला नवल वाटलं. तिच्या कॉलेजातही तोच दाखला दिला असेल.

बुधवारी तिनं थट्टा केली नाही. सरळ म्हणाली, "ताई, मिरजेला माझी मावशी आहे. दवाखान्यात नर्स आहे. माहेरी दादा घरात घेणार नाही, मावशी घेईल. मला तिथवर पोचवा. काल यांनी मला पडवीतल्या खांबावर... ताई, पुढच्या वेळी गोळ्या पाठवून भागायचं नाही."

ड्यूटी संपली. मी हेडफोन खुंटीला टांगला. रोज टांगायची तसाच. पण त्या दिवशी तो टांगून काही हलकं झालं नाही.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते, निमगाव-मिरज गाडीवर. संध्याकाळी दिवा लावला, पानं वाढली, आणि मी म्हटलं, "एक सांगायचंय. बोर्डावरचं."

यांचा घास हातातच राहिला. "तू? बोर्डावरचं?"

"हो."

"देवाला विचारलंस का?"

"विचारलं."

"मग, काय म्हणाला?"

"तो कुठं बोलतो. ऐकतो तेवढं. म्हटलं, ऐकून गप्प बसणारा एक पुरे."

मी सगळं सांगितलं. सांगताना जीभ जड झाली होती, जन्मात पहिल्यांदा चोरी करावी तशी. यांनी ताटातलं अन्न तसंच ठेवून ऐकलं. शेवटी म्हणाले, "एकची गाडी माझी असते. पुढचं बाक धरून ठेवतो, मिरजेला मावशीच्या दारापर्यंत पोचवून येतो. पण स्टँडपर्यंत तिला आणायचं कसं, ते तू बघ. त्या घरात पोलिसांनी पाय ठेवला तरी चहा पिऊन परत येतील."

कसं ते मी आधीच ठरवलं होतं. श्रावणातला शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. जिवतीची पूजा माझ्याकडं दर वर्षी असते, पुरणाचा नैवेद्य असतो, आणि सवाष्ण जेवायला लागते. सवाष्णीचं आमंत्रण कोणतंही घर मोडत नाही. आपल्याच घरच्या कुंकवाला ते बरं नसतं. रेवतीला सवाष्ण म्हणून बोलवायचं, जेवू घालायचं, आणि मागच्या दारानं स्टँडवर न्यायचं. पोस्टाच्या मागंच आमचं क्वार्टर, आणि क्वार्टरमागं स्टँड.

गुरुवारी सकाळी कुंकवाचा करंडा घेऊन मी वाळिंब्यांकडं गेले. तोवर त्या घरात मी कधी गेले नव्हते. फाटक उघडलं आणि तिथंच थबकले. घर लांबलचक, कौलारू आणि बैठं होतं. वर माडी नाही, गच्ची नाही. उंबऱ्याची एक पायरी सोडली तर त्या घरात चढायला काही नव्हतं.

श्रीरंगराव झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला फोन होता, आणि हँडलच्या जागी नुसतं भोक.

अक्का बाहेर आल्या. साठीच्या आत-बाहेर, उंच, कपाळभर कुंकू. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि त्यात ते वाकडं लोखंडी हँडल. चालताना वाजत होतं.

"या ऑपरेटरबाई," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज ऐकलाय. बाई आज पाहिली."

मी कुंकू लावलं. "उद्या जिवतीची सवाष्ण हवी होती. सूनबाईंना पाठवाल का?"

श्रीरंगरावांनी पेपर खाली केला. अक्कांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. म्हणाल्या, "ती बाहेर बसलीय. आज सकाळीच. आता चार दिवस मागच्या पडवीत."

यावर कुणाला काय बोलता येतं? बाहेर बसलेल्या बाईला बघायला मागता येत नाही, खरं-खोटं करता येत नाही.

"सवाष्णच हवी ना?" अक्का म्हणाल्या. "मग मी आहे की. माझे मालक धडधाकट आहेत. मी येईन."

श्रीरंगराव खदखदून हसले. "बोलावली एक, येणार दुसरी! बाई, आज तुमचाच राँग नंबर लागला."

दुपारी त्यांनी कऱ्हाडला फोन लावला. दुसऱ्या दिवशी येतो म्हणून सांगायला असावा. फोन टांगला, हँडल फिरवलं नाही. मी वाट बघितली आणि खिटी खाली केली.

"बोलताय का?"

"ताई, अक्का खोटं बोलल्या. मी बाहेरची नाहीये." तिला धाप लागली होती. "सकाळपासून मला पडवीत बसवलंय. विटाळ म्हणून हे जवळ फिरकलेसुद्धा नाहीत. दुपारी झोप लागली मला, ताई, कित्येक दिवसांनी. पण आता चार दिवस कुठं पाऊल टाकता यायचं नाही."

"उद्या घरात कोण आहे?"

"हे कऱ्हाडला. मामंजी मळ्यावर. अक्का तुमच्याकडं. मी एकटी, आणि पुढं-मागं कुलूप. किल्ल्या त्यांच्या कमरेला."

"एकची गाडी आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? "पुढचं बाक धरलेलं असेल. काही जमलं, निघालीस, तर..."

"तर तुम्हाला कळायचं कसं? हँडल कुठंय?" मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "अक्का दारात आहेत. केव्हापासून उभ्या आहेत कोण जाणे."

फोन टांगल्याचा आवाज आला.

शुक्रवारी मी पहाटेच उठले. जिवतीचा कागद भिंतीला लावला, त्याला माळ घातली. हात कामात होते, मन दुसऱ्याच घरी. दुपारची ड्यूटी लीलाकडं दिली होती. आमच्या स्वयंपाकघराची भिंत आणि एक्स्चेंजची भिंत एकच. तिला म्हटलं, "लीला, चौदाची झाकणी पडली तर भिंतीवर दोन थापा मार."

"का गं? चौदाचा बाप्या आज फोनवरून आरती म्हणणार आहे का?"

"मार म्हणते ना."

लीलानं हेडफोन चढवला.

अक्का वेळेवर आल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ. मी आधी त्यांच्या कमरेकडं पाहिलं. किल्ल्यांचा जुडगा होता. हँडल नव्हतं.

वाटलं, मुलानं काढून घेतलं. काल दारात उभं राहून ऐकलेलं अक्कांनी मुलाला सांगितलं, आणि तो कऱ्हाडला गेलाच नाही. मी इथं यांच्यासाठी रांगोळी घालतेय आणि तिथं पडवीत तो आहे.

पण सवाष्ण दारात आली की तिच्या पायावर पाणी घालायचं असतं. घातलं. पाटावर बसवलं. हळदीचं बोट लावायला त्यांचा हात हातात घेतला तर मनगट वाकडं. कधीकाळी मोडून तसंच जुळलेलं हाड, बांगड्यांखाली गाठ आलेली.

"हे काय झालं हो?" मी विचारलं.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी," अक्का म्हणाल्या. "जिन्यावरून पडले होते."

हळदीचं बोट तसंच राहिलं. त्या बैठ्या घरात गेलेली बाई मी, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हात काढून घेतला नाही. हळद पुरी लावू दिली.

पान वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, वरणभात, लिंबू. अक्का जेवू लागल्या. मी असं जेवणारं माणूस पाहिलं नाही. एकेक घास मोजून घ्यावा तसा. पोळीवर तूप मागितलं. आमटी पुन्हा मागितली. मध्येच आमटीला कोणता मसाला विचारला. मी उत्तरं देत होते, आणि पाठीमागच्या भिंतीकडं माझे कान होते.

"बाई, बसा ना," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."

"घरी सूनबाई एकट्या असतील."

"एकटी आहे," अक्का म्हणाल्या. "खरंच एकटी आहे. मी बघून निघाले."

त्यांचं पान संपत आलं होतं. भात उरला होता थोडा. तेवढ्यात भिंतीवर थाप पडली. मग दुसरी.

चौदाची झाकणी पडली होती. त्या घरात कुणीतरी हँडल फिरवलं होतं. आणि लागलीच लीलाचा आवाज भिंतीतून आला, "चौदा आहे गं! पण बोलत कुणीच नाही! नुसतं फिरवून ठेवलंय!"

अक्कांनी मान वर केली. "काय म्हणतेय ती?"

मी म्हटलं, "काही नाही. कुणाचं तरी बोलणं संपलं."

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांचा तो वाकडा हात कमरेकडं गेला, जुडग्यात जिथं हँडल असायचं तिथं थांबला, आणि परत ताटावर आला.

"अजून थोडा भात वाढ," त्या म्हणाल्या.

मी वाढला. त्यांनी तो सावकाश कालवला. सवाष्णीला ताटावरून कुणी उठवू शकत नाही. नवरा नाही, मुलगा नाही. त्या जेवत राहिल्या. भात संपला, तरी शितं वेचत बसल्या. मागं स्टँडवरून एकच्या गाडीचा हॉर्न आला, गाडी खडखडत वळणावरून गेली, तिचा आवाज विरला, तेव्हा कुठं त्यांनी हात धुतला.

मी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. त्या वाकून नमस्कार करू देईनात. दारात चपला घालताना म्हणाल्या, "आम्ही त्या घरात आल्यापासून कान खुंटीलाच टांगलेले, बाई. सासूनं सांगितलं होतं, टांगून ठेव, बरं असतं." आणि लुगड्याचा काठ सावरत, मागं न बघता गेल्या.

दिवेलागणीच्या आत हे परत आले. पायसुद्धा न धुता म्हणाले, "पुढच्या बाकावर बसली. वाटभर एक शब्द बोलली नाही. मावशीच्या दारात सोडली तेव्हा तेवढं म्हणाली, ताईंना सांगा, दार उघडंच होतं. किल्ली कुलपाला आणि हँडल फोनला."

मी देवापाशी दिवा लावला आणि बोर्डावर गेले. संध्याकाळची ड्यूटी माझी होती. झाकण्यांना हात लावला. रोजचं वाक्य ओठांवर आलं, पण मी ते म्हटलं नाही.

थोड्या वेळानं चौदाची झाकणी पडली.

"नंबर प्लीज."

या वेळी त्यांनी आवाजाची थट्टा केली नाही. "डॉक्टर जोगांना द्या. लवकर." श्वास लागला होता, पळत आल्यासारखा. "आई जिन्यावरून पडलीय."

मी वायर खोचली. घंटी दिली. त्या दोघांचं बोलणं झालं. नेहमीसारखा फोन टांगला असणार, नेहमीसारखं हँडल फिरवलं नाही; घाईत ते काढून घ्यायचंही राहिलं असावं. झाकणी पडली नाही.

मी खिटी खाली केली.

"बोलताय का?"

नुसतं घरघरणं. फोन भिंतीवर बराच वर होता. तिथवर उठून उभं राहायला, तो आकड्यावरून काढायला त्यांना किती वेळ लागला असेल, मला ठाऊक नाही.

"अक्का?" मी म्हटलं.

"गाडी..." शब्द ओठांतून नीट सुटत नव्हते. "मिळाली का तिला?"

"मिळाली, अक्का. पोचली. मावशीच्या घरी पोचली."

कुठंतरी एक दार आपटलं. श्रीरंगरावांचा आवाज आला, लांबून, मग जवळून, "आई! कुणाशी बोलतेयस?"

फोन आकड्याला टांगल्याचा आवाज आला. मी वायरीला हात लावला नाही. बोर्डाकडं बघत बसून राहिले.

मग झाकणी पडली. हँडल एकदाच फिरवलेलं होतं, सावकाश, पुरं.

तेव्हा मी वायर काढली.